पाणी फुटल्या दिवसापासून बाळ मोजा : आरोग्य विभागास आणि प्रसूतितज्ज्ञांस खुले पत्र

प्रति,
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन
आणि
राज्यातील स्त्रीरोग-प्रसूतितज्ज्ञांच्या व नवजात शिशुतज्ज्ञांच्या सर्व संघटना

विषय : चोविसाव्या आठवड्याआधी पाणी फुटलेल्या मातांना मिळणारी माहिती आणि त्यांच्या बाळांची नोंद

महोदय, महोदया,
स. न. वि. वि.

माझी सगळी नोकरी सरकारी रुग्णालयात झाली. आधी प्रसूती कक्षात, नंतर एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात. परिसेविका म्हणून निवृत्त झाले. प्रसूती कक्ष आणि एसएनसीयू यांच्या मध्ये जी बाळं कुठल्याच कागदावर येत नाहीत, त्यांच्याबद्दल आज आपल्याला लिहिते आहे.

पाचव्या-सहाव्या महिन्यात पाण्याची पिशवी फुटलेल्या बायका फार नसतात. कळा सुरू होण्याआधी, दिवस भरण्याआधी पाणी फुटतं ते शंभरात दोन-तीन जणींचं. त्यातही चोविसाव्या आठवड्याच्या आत फुटतं ते शंभरात एकीपेक्षाही कमी जणींचं. पण ज्या राज्यात वर्षाला लाखोंनी बाळंतपणं होतात तिथे एक टक्क्याहून कमी म्हणजेसुद्धा हजारो घरं होतात. या घरांना रुग्णालयात दोनपैकी एक वाक्य ऐकायला मिळतं. एक म्हणजे, "यात आता काही राहिलं नाही, मोकळ्या व्हा." दुसरं, "बघू या, ठोके आहेत तोवर देवाच्या हातात." सांगणारे डॉक्टर वाईट नसतात. रात्रीची ड्यूटी असते, बाहेर तीन जणी कळा देत असतात, आणि सांगायला हातात काही नसतं. कारण आपल्याकडे, आपल्या रुग्णालयांत, अशा बाळांचं पुढे काय होतं याचा आकडाच कुणाजवळ नाही. म्हणून प्रत्येक जण स्वतःच्या आठवणीतलं शेवटचं बाळ डोळ्यांसमोर ठेवून बोलतो. ज्याचं शेवटचं बाळ गेलं तो पहिलं वाक्य बोलतो, ज्याचं वाचलं तो दुसरं.

आकडा काढणं अशक्य नाही. ब्रिटनने काढला आहे. सप्टेंबर २०१९ ते फेब्रुवारी २०२१ या काळात तिथे देशभरातल्या प्रसूती विभागांतून १६ ते २३ आठवड्यांच्या दरम्यान पाणी फुटलेल्या बायकांची माहिती गोळा केली. एकच बाळ पोटात असलेल्या अशा ३२६ जणी निघाल्या. त्यांतल्या काहींनी गर्भपाताचा निर्णय घेतला. बाकीच्यांपैकी ज्या २०७ बाळांचा माग शेवटपर्यंत लागला, त्यांतली ५४ बाळं जिवंत घरी गेली, म्हणजे साधारण चारातलं एक. मेंदूत मोठा रक्तस्राव न होता आणि गर्भारपणापासून मोजलेल्या छत्तिसाव्या आठवड्याला ऑक्सिजन सुटलेला, अशी त्यांतली ३८. आणि आयांचं? ३२६ पैकी ३९ जणींना सेप्सिस, म्हणजे अंगभर पसरून जिवावर उठणारा जंतुसंसर्ग झाला. दोघी दगावल्या. हे २०२४ साली प्रसिद्ध झालं आहे, कुणालाही वाचता येतं.

आता वरची दोन वाक्यं या आकड्यांशेजारी ठेवून पाहा. "काही राहिलं नाही" हे खरं नाही, कारण चारातलं एक बाळ घरी गेलं. "बघू या, देवाच्या हातात" हेही खरं नाही, कारण तीन गेली, आणि वाट बघताना आईच्याही जिवाला धोका होता. खरं जे आहे ते या दोन्हींपेक्षा लांब आहे, सांगायला वेळ लागतो आणि ऐकायलाही. पण ज्या बाईच्या पोटात ते बाळ आहे तिला ते ऐकण्याचा हक्क आहे असं मी मानते, आणि हे पत्र लिहिण्याचं मुख्य कारण तेच आहे.

ब्रिटनचे आकडे उचलून आपल्या वॉर्डात सांगता येत नाहीत, हेही मला कळतं. तिथल्या त्या ५४ बाळांमागे व्हेंटिलेटर होते, फुफ्फुसं उघडी ठेवणारं औषध सर्फॅक्टंट होतं, गरज पडली तर फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्या सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड वायू होता, आणि एका बाळाला एक सिस्टर होती. आपल्या जिल्हा रुग्णालयात सीपॅप, म्हणजे नाकातून दाबाने हवा देणारं साधन असतं, व्हेंटिलेटर असेलच असं नाही, आणि एका सिस्टरकडे किती बाळं असतात ते आपण जाणताच. मग आपला आकडा काय? चारातलं एक? दहातलं एक? पंचविसातलं एक? मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात किती, नंदुरबार-गडचिरोलीत किती? मला माहीत नाही आणि आदरपूर्वक सांगते, आपल्यालाही माहीत नाही.

का माहीत नाही, ते थोडं सविस्तर सांगते, कारण सगळी अडचण इथेच आहे. एसएनसीयूत दाखल झालेल्या प्रत्येक बाळाची ऑनलाइन नोंद होते. वजन, आठवडे, आजार, डिस्चार्ज की मृत्यू, सगळं. ती नोंद चांगली आहे, मी स्वतः भरली आहे. पण ती सुरू होते बाळ एसएनसीयूच्या दारातून आत आल्यावर. एकोणिसाव्या आठवड्यात पाणी फुटलं आणि तीन दिवसांत गर्भ पडला, तर ती 'गर्भपात' म्हणून दुसऱ्या रजिस्टरला जाते. तेविसाव्या आठवड्यात बाळ जन्मलं, प्रसूती कक्षातच गेलं, तर ते आमच्याकडे आलंच नाही. बाई वाटेत दुसऱ्या रुग्णालयात रेफर झाली तर पहिल्या रुग्णालयाच्या लेखी ती 'रेफर्ड', पुढचं कुणी विचारत नाही. मग एसएनसीयूच्या आकड्यांवरून कुणी म्हणालं की पाणी लवकर फुटलेल्यांतली निम्मी बाळं वाचतात, तर ते खोटं नसेल, पण ते फक्त दारापर्यंत पोचलेल्यांचं असेल. आणि प्रसूती कक्षातल्या अनुभवावरून कुणी म्हणालं की एकही वाचत नाही, तर त्यांनी पुढे वाचलेलं बाळ कधी पाहिलेलंच नसतं. त्या बाळाची आई सव्वा महिन्याने त्याला घेऊन वरच्या मजल्यावरूनच घरी गेलेली असते. आईला जो प्रश्न पडलेला असतो तो असा असतो की, आज माझं पाणी गेलंय, आजपासून पुढे काय? त्याचं उत्तर फक्त पाणी फुटल्या दिवसापासून मोजणाऱ्या रजिस्टरातून मिळेल. तसं रजिस्टर आपल्याकडे नाही.

एक गोष्ट लिहायला जड जाते, पण लिहिते. साडेतीनशे-चारशे ग्रॅमची बाळं जन्मल्यावर श्वास घेतात. खूप वेळ नाही. कधी पाच मिनिटं, कधी अर्धा-पाऊण तास. छातीची हालचाल दिसते, नाळेत ठोके लागतात. अशी बाळं मी किडनी ट्रेमध्ये, टेबलाच्या कडेला, हिरव्या कापडाखाली ठेवलेली पाहिली आहेत. आईला सांगितलेलं असायचं की झालं, मोकळी झालीस. केसपेपरवर लिहिलं जायचं 'गर्भपात'. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात जिवंत जन्माची व्याख्या स्पष्ट आहे : गर्भधारणेचा कालावधी कितीही असो, बाहेर आल्यावर ज्याने श्वास घेतला किंवा जिवंतपणाची दुसरी कुठलीही खूण दाखवली, तो जिवंत जन्म. म्हणजे त्या बाळाचा जन्म नोंदवायला हवा आणि मृत्यूही. आणि कायद्याची गोष्ट बाजूला ठेवली तरी, ज्याला वाचवता येणार नाही त्याला गुंडाळून, ऊब देऊन आईच्या छातीवर ठेवता येतं. त्याला कुठलं यंत्र लागत नाही. आईला विचारायचं, "हातात घ्यायचंय का?" काही जणी नको म्हणतात, तेही बरोबर. पण विचारलंच नाही म्हणून वर्षानुवर्षं झुरणाऱ्या बाया मला पुढच्या बाळंतपणात भेटल्या आहेत. "सिस्टर, मुलगा होता का मुलगी, तेवढं तरी सांगा," असं एकीने विचारलं होतं. तिचा जुना केसपेपर शोधला. त्यावर ते लिहिलेलं नव्हतं.

आता वाचणाऱ्या बाळांकडे येते. पाणी लवकर फुटलेलं बाळ आणि नुसतं लवकर जन्मलेलं बाळ यांत फरक आहे, आणि हा फरक घरच्यांना बहुतेक वेळा कुणी सांगत नाही. बाळाची फुफ्फुसं पाण्याच्या आधाराने वाढतात. सोळाव्या ते सव्विसाव्या आठवड्यांत श्वासनलिकांच्या बारीक फांद्या फुटत फुटत हवेच्या पोकळ्यांपर्यंत जातात आणि त्यांच्याभोवती रक्तवाहिन्यांचं जाळं तयार होतं. फुफ्फुस स्वतःच एक द्रव तयार करत असतं, तो आत साठून राहतो म्हणून ते ताणलेलं राहतं आणि ताणामुळे वाढतं. भोवतालचं पाणी निघून गेलं की आतला द्रवही बाहेर पडतो, ताण जातो आणि वाढ खुंटते. म्हणून अठराव्या आठवड्यात पाणी फुटून अठ्ठाविसाव्यात जन्मलेलं बाळ आणि सत्ताविसाव्यात पाणी फुटून अठ्ठाविसाव्यात जन्मलेलं बाळ, वजन सारखं, आठवडे सारखे, पण दोघांचा प्रवास एक नसतो. दुसऱ्याच्या नाकाला सीपॅप लावला की छाती हलायला लागते. पहिल्याला कधी कधी नळी टाकून, दाब वाढवून, सर्फॅक्टंट देऊनही छाती हलतच नाही. अरुंद, घंटेसारखी छाती असते, आणि डॉक्टर बॅग दाबत एकमेकांकडे बघतात. त्या वेळी बाहेर उभ्या असलेल्या बापाला सांगितलं जातं की बाळ 'कमी दिवसांचं' होतं. ते अर्धंच खरं असतं.

तरी सगळ्यांचं असं होत नाही. सोनोग्राफीत पाणी जवळजवळ शून्य दिसलं, आठ आठवडे तसंच राहिलं, आणि जन्मल्यावर बाळ रडलं, हेही मी पाहिलं आहे. फुफ्फुसं किती वाढली असतील हे जन्माआधी नक्की सांगता येईल अशी तपासणी आज कुणाकडेच नाही. पाणी कोणत्या आठवड्यात फुटलं आणि किती उरलंय, या दोन गोष्टींवरून अंदाज बांधता येतो, एवढंच. फ्रान्समध्ये २०११ साली जन्मलेल्या मुदतपूर्व बाळांचा देशव्यापी अभ्यास झाला. त्यात बाविसाव्या आठवड्यात पाणी फुटलेल्यांपैकी साधारण सातातलं एक बाळ घरी गेलं, आणि पंचविसाव्यात फुटलेल्यांपैकी चारातली तीन. तीन आठवड्यांत एवढा फरक! 'सहावा महिना चालू आहे' एवढंच केसपेपरवर लिहिणाऱ्या आपल्या पद्धतीत हा फरक पुसला जातो. आठवडे आणि दिवस, दोन्ही लिहिले पाहिजेत, आणि ते पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीवरून, पाळीच्या आठवणीवरून नव्हे.

पाण्याविना दाटीवाटीने राहिलेल्या बाळांचे पाय, मनगटं वाकलेली असतात. आई ते पाहून हबकते, सासूबाई म्हणतात अपंग आहे. यातलं बरंचसं मालिशने, व्यायामाने, पट्ट्यांनी महिन्या-दोन महिन्यांत सुटतं. एका बाळाची पावलं मी आईला दिवसातून अनेकदा ताणायला शिकवली होती. ती कांगारू पद्धतीने बाळाला छातीशी धरून बसायची आणि साडीच्या पदराखाली एका हाताने त्याचा तळवा दाबत राहायची. त्या बाळाला खरा त्रास पायांचा झाला नाही, ऑक्सिजनचा झाला. घरी गेल्यावरही पहिल्या पावसाळ्यात दोनदा दाखल करावं लागलं. म्हणून म्हणते, घरी गेलं म्हणजे निकाल लागला असं नाही. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, कानांची तपासणी, श्वासाचे आजार, चालायला-बोलायला लागणं, हे सगळं पुढे आहे. जिल्ह्याला डीईआयसी, म्हणजे बाळांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र आहे, आशाताई घरी जातात. पण त्यांच्या कागदावर 'पाणी १९ व्या आठवड्यात फुटलं होतं' हे लिहिलेलं नसतं, त्यामुळे कशाकडे बारीक लक्ष द्यायचं ते त्यांना कळत नाही.

आईबद्दल वेगळं लिहायलाच हवं. बाळाच्या आशेपायी आईचा जीव टांगणीला लागतो आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही, अशी वेळ या आजारात फार पटकन येते. बेळगावच्या सविता हलप्पनवार दंतवैद्य होत्या, आयर्लंडमधल्या गॉलवे शहरात राहत होत्या. ऑक्टोबर २०१२ मध्ये सतराव्या आठवड्यात त्या रुग्णालयात दाखल झाल्या, पाणी फुटलं. बाळ वाचणार नाही हे स्पष्ट होतं, त्यांनी गर्भपाताची मागणी केली. ठोके चालू होते म्हणून ती नाकारली गेली. २८ ऑक्टोबरला त्या सेप्सिसने गेल्या. वय ३१. नंतरच्या चौकशी अहवालात दोन गोष्टी ठळक होत्या : आईच्या तब्येतीवर पुरेसं लक्ष ठेवलं गेलं नाही, आणि तिच्यापुढे सगळे पर्याय ठेवले गेले नाहीत. त्या मृत्यूने तो देश ढवळून निघाला, २०१८ मध्ये सार्वमत घेऊन त्यांनी राज्यघटनेतली गर्भपातबंदीची तरतूद काढून टाकली.

आपल्याकडे कायदा तसा कठोर नाही, पण गोंधळ आहे. वैद्यकीय गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीसमध्ये दोन डॉक्टर लागतात आणि नियमांत दिलेल्या यादीतल्या स्त्रियांनाच ती मुभा आहे : अत्याचारपीडित, अल्पवयीन, विधवा किंवा घटस्फोटित झालेल्या, अपंग, गर्भात गंभीर व्यंग असलेल्या, आणखी काही. या यादीत 'पाणी फुटलेली' असं कुठेच नाही. बाळात व्यंग नाही, आईला अजून ताप नाही, एकविसावा आठवडा चालू आहे, पाणी संपलंय. ही बाई कुठे बसते? आईचा जीव वाचवण्यासाठी तातडीने गर्भपात करायला आठवड्यांची मर्यादा नाही, हे कायद्यात आहे. पण 'जीव वाचवण्यासाठी' म्हणजे ताप येईपर्यंत थांबायचं का, की पाणी फुटलंय हाच धोका धरायचा, याचं उत्तर प्रत्येक रुग्णालयात वेगळं मिळतं. एका ठिकाणी तिला त्याच दिवशी कळा आणणाऱ्या गोळ्या देतात, तिला विचारतही नाहीत. दुसऱ्या ठिकाणी ती मागत असते आणि डॉक्टर कायद्याला घाबरून हात बांधून बसतात. दोन्हीकडे तिचं मत कुणी घेत नाही. विभागाने यावर एक स्पष्ट लेखी मार्गदर्शन काढावं आणि यादीत या स्थितीचा उल्लेख व्हावा म्हणून केंद्राकडे शिफारस करावी. डॉक्टरांच्या संघटनांनी यात पुढाकार घेतला तर सगळ्यात लवकर होईल.

जिला थांबायचं आहे तिचं काय? अशा निम्म्या बायकांची प्रसूती आठवड्याभरात होते, बाकीच्यांचं लांबतं, काहींचं महिना-दोन महिने. एवढे दिवस तिला खाटेवर ठेवायला जागा नसते, म्हणून घरी पाठवतात. घरी पाठवताना काय सांगतात? "आराम करा, भरपूर पाणी प्या." नारळपाणी प्यायल्याने फुटलेल्या पिशवीत पाणी साठत नाही. तिला सांगायला हवं ते हे : रोज दोनदा थर्मामीटर लावून ताप लिहून ठेव, पाण्याला वास आला, रंग बदलला, पोट दुखायला लागलं, थंडी वाजली, तर रात्र असली तरी ये. संबंध ठेवायचा नाही. आणि कोणत्या रुग्णालयात यायचं, तेही कागदावर लिहून द्यायला हवं. थर्मामीटर घरात आहे का, हे विचारलेलं मी फार कमी वेळा ऐकलं आहे.

मग ती पंचविसाव्या आठवड्यात मध्यरात्री कळा घेऊन येते, तेही जवळच्या ग्रामीण रुग्णालयात. तिथल्या कुणालाच आधीचं माहीत नसतं. बाळाची फुफ्फुसं पक्व व्हावीत म्हणून द्यायचं डेक्सामेथासोन साधं, स्वस्त, प्रत्येक केंद्रावर असणारं इंजेक्शन आहे. केंद्र सरकारने २०१४ साली २४ ते ३४ आठवड्यांच्या कळांमध्ये रेफर करण्याआधी पहिला डोस द्यायची परवानगी एएनएमनाही, म्हणजे उपकेंद्रातल्या आरोग्यसेविकांनाही दिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्या मोठ्या चाचणीत भारतही होता आणि जिचे निष्कर्ष २०२० साली आले, तिनेही आपल्यासारख्या देशांत या इंजेक्शनने नवजात मृत्यू कमी होतात हे दाखवलं. तरी ते चुकतं, कारण पाणी फुटल्यापासून बाईचा माग कुणी ठेवलेला नसतो. ती बाविसाव्या आठवड्यात घरी गेली त्याच दिवशी 'चोविसाव्या आठवड्यात पुन्हा भेट, बाळासाठी इंजेक्शनचा निर्णय' अशी तारीख पडायला हवी होती.

अँटिबायोटिकचंही असंच. औषध लिहिणं माझं काम नाही, पण ते देणारा हात माझा होता म्हणून बोलते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत चार हजारांहून जास्त बायका होत्या, पाणी लवकर फुटलेल्या. एरिथ्रोमायसिनने बाळांना थोडा फायदा दिसला. आणि ज्यांच्या आयांना को-अमॉक्सिक्लॅव दिलं होतं त्या बाळांत आतडं सडण्याचा आजार वाढलेला दिसला. याला दोन दशकं उलटून गेली. आपल्या वॉर्डांत अजूनही सवयीने पहिलं इंजेक्शन तेच काढलं जातं. आणि हातमोजा घालून आतून तपासणं : येणारा प्रत्येक रेसिडेंट, प्रत्येक पाळीला. पाणी फुटलेल्या बाईला कळा नसताना बोटांनी तपासलं की जंतू आत जातात, हे नर्सिंगच्या पुस्तकातसुद्धा आहे. स्पेक्युलम, म्हणजे आतलं बघण्याचं साधन लावून, खोकायला सांगून पाणी दिसतं का ते एकदा बघायचं, बस. तिच्या खाटेवर 'आतून तपासू नये' असा कागद चिकटवायला कुणाची मंजुरी लागते?

हल्ली खासगीत सुईने सलाईन भरून पाणी वाढवून देतो असं सांगणारेही भेटतात, आणि लोक दागिने मोडून जातात. नेदरलँड्समध्ये याची रीतसर चाचणी झाली, बाळं वाचण्यात ठोस फायदा सिद्ध झाला नाही. हेही सांगणारं कुणीतरी हवं.

मी जे मागते आहे ते एका रजिस्टराएवढं आहे. चोविसाव्या आठवड्याआधी पाणी फुटलेली प्रत्येक बाई, सरकारी असो की खासगी, ज्या दिवशी दाखल होईल त्या दिवशी तिची एक ओळ उघडायची. पाणी कितव्या आठवड्यात, कितव्या दिवशी फुटलं. किती उरलं. तिला कोणते पर्याय सांगितले, कुणी सांगितले, तिने काय ठरवलं. ताप आला का, सेप्सिस झाला का, वार काढायला भूल द्यावी लागली का. प्रसूती कधी, कुठे. बाळाने श्वास घेतला का. एसएनसीयूत गेलं का, तिथून घरी गेलं का, ऑक्सिजन कधी सुटला. आणि दोन वर्षांनी डीईआयसीत ते चालतंय, बोलतंय, ऐकतंय का. ती ओळ बाईबरोबर रुग्णालय बदलेल, तिच्या माता-बाल कार्डावर तिचा क्रमांक असेल. एसएनसीयूची ऑनलाइन व्यवस्था चालवणारे आपलेच लोक आहेत, तिला प्रसूती कक्षाच्या बाजूने एक दार उघडायचं आहे.

आणि तिला सांगताना एकट्या प्रसूतीच्या डॉक्टरने सांगू नये. बालरोगतज्ज्ञाने प्रसूती कक्षात खाली येऊन तिच्याशी, तिच्या नवऱ्याशी, आणि ती ज्याला बोलवेल त्याच्याशी बसून बोलावं, एकदा नव्हे, दोनदा, मध्ये एक रात्र जाऊ द्यावी. बसून म्हणजे खुर्चीवर बसून. राउंडच्या वेळी खाटेच्या पायथ्याशी उभं राहून सांगितलेलं कुणाच्याच डोक्यात शिरत नाही. "ठोके लागतायत ना सिस्टर, मग नाही कसं म्हणायचं?" हे मला इतक्या जणींनी विचारलं आहे, त्यांतल्या कुणालाच मी मोडून टाकणारं किंवा खोटं उत्तर देऊ शकत नव्हते. त्यांना उत्तर द्यायला बालरोगतज्ज्ञ हवे होते, हातात आपल्याच जिल्ह्याचा आकडा घेऊन.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घरोघरी जन्म आणि मृत्यू मोजले, तेव्हा खेड्यातल्या नवजात बाळांचं खरं चित्र दिसलं. त्यातून उभ्या राहिलेल्या घरच्या घरी नवजात काळजीच्या पद्धतीचे निष्कर्ष १९९९ साली जगापुढे आले आणि पुढे देशभरातल्या आशाताईंच्या कामात उतरले. मोजण्याची ती परंपरा याच राज्याची आहे, म्हणून ही मागणी मी याच राज्याकडे करते आहे.

पहिल्या वर्षाचे आकडे वाईट येतील, याची मला कल्पना आहे. तरी ते दाबू नका. जिल्हावार, मराठीत, एका पानावर छापा आणि प्रत्येक प्रसूती कक्षात ठेवा. हे रजिस्टर कसं भरायचं याचं प्रशिक्षण द्यायला मला कुठेही बोलावलंत तरी मी माझ्या खर्चाने येईन.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका